बालगुन्हेगार आणि रिमांड होमचें दार

गोदावरीच्या उत्तरेस, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत तीर्थपुरी हें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जें जांब, तें याच तालुक्यांतलें. काळ्या जमिनीचा, कापसाचा, उसाचा आणि मोसंबीचा हा मुलूख. दिवाळी सरली कीं या भागांतील पुष्कळ कुटुंबें कोयते आणि बिऱ्हाड घेऊन उसाच्या तोडीसाठीं दूरच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें. अशाच एखाद्या घरांतील पंधरा वर्षांच्या मुलाची क्षणभर कल्पना करावी. कोणाच्या तरी विहिरीवरील मोटारीची केबल कापून तिच्यांतील तांब्याची तार विकतांना तो पकडला गेला. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याचें नुकसान खोटें नाहीं. पाण्याची पाळी चालू असतांना मोटार बंद पडली म्हणजे हातचें पीक जातें. गांवकरी चिडलेले आहेत. मुलाची आजी पोलीस ठाण्याच्या पायरीशीं येऊन बसली आहे. आईबाप शंभर कोसांवर उसाच्या फडांत आहेत, आणि मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळें त्यांना सहजासहजीं निघतां येत नाहीं. आतां या मुलाची आजची रात्र कोठें जावयाची ?

या एका रात्रीच्या प्रश्नांत एक मोठा सामाजिक प्रश्न गुंतलेला आहे. मुलांना बंदिवासांत न घालतां सुधारण्याचे अनेक मार्ग गेल्या शंभर वर्षांत निघाले. परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर व अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं मुलास घरींच राहूं देणें, समुपदेशन, समाजसेवेचें काम, एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवालीं करणें, असे हे पर्याय. ते निघाले म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणचें रिमांड होम, ज्यास आतां निरीक्षणगृह म्हणतात, तें खरोखर रिकामें होतें काय ? सामान्य समजूत अशी कीं, एक वाट उघडली म्हणजे दुसरीवरील गर्दी आपोआप ओसरणारच. परंतु कालवा काढल्यानें गांवाजवळचा पूर उतरतो कीं नाहीं, हें तो कालवा गांवाच्या वरून काढला आहे कीं खालून, यावर अवलंबून असतें. मुलांच्या बाबतींतही नेमका हाच विचार महत्त्वाचा आहे.

मुंबई इलाख्यापुरतें बोलावयाचें तर मुलांना तुरुंगाबाहेर ठेवण्याचा विचार मुळींच नवा नाहीं. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या निराश्रित व किरकोळ गुन्हे केलेल्या मुलांस एखाद्या कारागिराच्या हाताखालीं धंदा शिकण्यास ठेवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांना दिला. १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या औदार्यामुळें मुंबईंतील उद्योगशाळेस सुधारशाळेचें रूप आलें आणि ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढें १८७६ सालीं सुधारशाळांचा कायदा झाला व त्याची जागा १८९७ च्या कायद्यानें घेतली. कोवळ्या वयाच्या मुलास निर्ढावलेल्या कैद्यांच्या संगतींत टाकूं नये, त्यास चार अक्षरें व एक हुन्नर शिकवावा, हा त्यामागील हेतु निर्मळ होता.

पण या कायद्याच्या पोटांत एक विचित्र गोष्ट दडलेली होती. १८९७ च्या कायद्याप्रमाणें पंधरा वर्षांखालील मुलास सुधारशाळेंत पाठवावयाचें झाल्यास मुदत तीन वर्षांहून कमी किंवा सात वर्षांहून अधिक ठेवतां येत नसे. ज्या चोरीबद्दल मोठ्या माणसास दोनतीन महिन्यांची कैद झाली असती, तशाच चोरीबद्दल सुधारशाळेंत गेलेल्या मुलास निदान तीन वर्षें भिंतीआड राहावें लागे. तुरुंगास पर्याय म्हणून जी संस्था निघाली, तीच मुलापुरता दीर्घ मुदतीचा बंदिवास होऊन बसली. नांव शाळेचें होतें. पण संध्याकाळीं दार बाहेरून लागत असे. पर्याय हा शब्द ऐकल्याबरोबर समाधान मानूं नये, तो पर्याय कोणत्या मुलास, कशाच्या ऐवजीं आणि किती काळ लागू होतो हें विचारावें, हा धडा एकोणिसाव्या शतकानेंच घालून दिला आहे.

१९१९-२० च्या हिंदुस्थानी तुरुंग समितीनें मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालयें व रिमांड होमें असावींत असा आग्रह धरला. मद्रासनें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं आणि मुंबईनें १९२४ सालीं मुलांचे कायदे केले. १९२७ सालीं मुंबईंत बालन्यायालय सुरू झालें व चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीच्या ज्या जुन्या तुरुंगांत १८८२ सालीं टिळक आणि आगरकर यांनीं १०१ दिवस काढले, त्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागींच पुढें मुलांचें रिमांड होम आलें. आगरकरांनीं त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलें; त्याच आवारांत नंतर राहून गेलेल्या असंख्य मुलांचे दिवस बहुतेक अलिखितच राहिले आहेत. रिमांड होम हें मूळ कल्पनेप्रमाणें मुक्कामाचें घर नव्हे, ती केवळ धर्मशाळा होती. न्यायालयाचा निकाल होईपर्यंत चार दिवस मुलानें तेथें टेकावें व नंतर घरीं, शाळेंत किंवा सुधारशाळेंत जावें, इतकेंच तिचें काम. पण रस्त्यावर भटकणारीं, भीक मागणारीं, टाकून दिलेलीं मुलेंही त्याच दारानें आंत येऊं लागलीं. चोरी केलेला आणि चोरी होण्याजोगें कांहींच जवळ नसलेला, असे दोघे एका पंगतीस बसले.

यानंतर सुधारणेचा ओघ परिवीक्षेकडे वळला. १९३६ सालीं मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याचें शिक्षण देणारी संस्था निघाली. १९३८ सालीं मुंबईचा प्रोबेशनचा कायदा झाला. १९४८ सालीं मुलांचा नवा कायदा आला. तीर्थपुरी त्या वेळीं मुंबई प्रांतांत नव्हती. ती निजामाच्या राज्यांत होती. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईंतील मुलाच्या मागें परिवीक्षेची जी परंपरा उभी होती, ती मराठवाड्यांतील मुलाच्या वांट्याला पुष्कळ उशिरां आली, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९८६ हें वर्ष या इतिहासांत विशेष महत्त्वाचें. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनीं देशभरच्या तुरुंगांत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेला. न्यायालयानें सांगितलें कीं मुलांना तुरुंगांत ठेवतां कामा नये. निरीक्षणगृहांत जागा नसेल तर मुलास जामिनावर सोडावें, जागा नाहीं या सबबीवर तुरुंगांत टाकूं नये. त्याच वर्षीं सर्व देशासाठीं बालन्यायाचा कायदा झाला. २००० च्या कायद्यानें निराधार मुलांची वाट बालकल्याण समितीकडे व गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची वाट बाल न्याय मंडळाकडे अशी निराळी केली. दिल्लींतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर देशांत क्षोभ उसळला आणि २०१५ चा कायदा आला. या कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास, प्राथमिक तपासणीनंतर, त्यांस प्रौढांप्रमाणें न्यायालयापुढें उभें करण्याची वाट उघडली. त्याच्या या एका कलमाची चर्चा इतकी झाली कीं बाकीची कलमें झांकोळून गेलीं. तीं कलमें मात्र नीट वाचण्यासारखीं आहेत.

संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय होय, असें या कायद्याच्या मूलतत्त्वांतच सांगितलें आहे. चौकशींत मुलाचा दोष सिद्ध झाला तर मंडळ त्यास समज देऊन घरीं पाठवूं शकतें, समुपदेशनास पाठवूं शकतें, समाजसेवेचें काम देऊं शकतें, आईबापांस दंड भरावयास लावूं शकतें, चांगल्या वर्तणुकीच्या परिवीक्षेवर सोडूं शकतें. सर्वांच्या शेवटीं विशेष गृह. तेंही तीन वर्षांपेक्षां अधिक नाहीं. एवढी मोठी निवड ज्या मंडळाच्या हातीं आहे, त्याच्या जिल्ह्यांत निरीक्षणगृहाचा वापर आपोआपच कमी होईल, असें कोणासही वाटेल.

येथेंच विचारांत एक चूक होते. विशेष गृह आणि निरीक्षणगृह हीं दोन वेगळीं घरें आहेत आणि त्यांचीं दारेंही वेगळीं आहेत. विशेष गृहाचें दार निकालानंतर उघडतें. निरीक्षणगृहाचें दार निकालापूर्वीं, पकडल्याच्या रात्रींच उघडतें. समज, समुपदेशन, समाजसेवा व परिवीक्षा हे जे पर्याय कायद्यानें मोजून दिले आहेत, ते मुख्यतः निकालानंतरचे आहेत. त्यांनीं विशेष गृहावरील भार हलका होईल. निरीक्षणगृहावरील होईलच असें नाहीं. चार महिने निरीक्षणगृहांत काढल्यावर एखाद्या मुलास मंडळानें केवळ समज देऊन सोडलें, तर निकालाच्या कागदावर बंदिवासाचा एक दिवसही दिसणार नाहीं. परंतु मुलाच्या आयुष्यांतून चार महिने गेलेले असतात. आणि तो दहावींत असेल तर वर्षही गेलेलें असतें. कालवा गांवाच्या खालून काढला म्हणजे असें होतें.

मग वरून काढलेला कालवा कोणता ? तो २०१५ च्या कायद्याच्या १२ व्या कलमांत आहे. गुन्ह्याचा आरोप असलेलें मूल पोलिसांच्या हातीं आलें किंवा मंडळापुढें आलें, कीं त्यास जामीनदारासह अथवा जामीनदाराशिवाय सोडावें, नाहीं तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं किंवा योग्य व्यक्तीच्या हवालीं करावें, हा तेथील सर्वसाधारण नियम. सोडल्यानें मुलास माहितगार गुन्हेगारांची संगत लागण्याचा संभव असेल, त्यास नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतुच विफल होणार असेल, तरच जामीन नाकारावा. आणि नाकारण्याचीं कारणें मंडळानें लिहून ठेवावींत. जामिनाच्या अटी मुलास सात दिवसांत पुऱ्या करतां आल्या नाहींत, तर अटी सैल करण्यासाठीं त्यास पुन्हां मंडळापुढें आणावें, असेंही सांगितलें आहे. त्यापुढें जाऊन २०१६ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं, आरोप निर्घृण गुन्ह्याचा नसेल व मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेल्या गुन्ह्याचा नसेल, तर मुलाविरुद्ध प्रथम खबरच नोंदवूं नये. ठाण्याच्या दैनंदिनींत नोंद करावी व मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवावा. साधी चोरी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणून कायद्याच्या भाषेंत ती किरकोळ गुन्ह्यांत मोडते. तीर्थपुरीच्या त्या कल्पित मुलानें केबल एकट्यानेंच कापली असेल, तर त्याच्या पायाखालीं ही सर्व पायवाट तयार आहे.

पायवाट असली तरी तिच्यावरून नेणारें माणूस लागतें. मूल कोणाच्या हवालीं करावयाचें, हा पहिला प्रश्न. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें दिवेलागणीस घरीं येणारे आईबाप असतात. तोडीच्या हंगामांत ते घरीं नसतात. आजी आहे, पण तिला सही करतां येत नाहीं, जालन्यास एकटीला जातां येत नाहीं, आणि नातवास आवरण्याची ताकद तिच्यांत आहे कीं नाहीं याची मंडळास शंका वाटते. जामीनदार म्हणून उभें राहावयास शेजारी कचरतो, कारण केबलवाला शेतकरी त्याच्याच भावकींतला. मुलाचें वय शाळेच्या दाखल्यावरून ठरावयाचें. तो दाखला मिळेपर्यंत दोन दिवस जातात. यांपैकीं एकही अडचण मुलाच्या गुन्ह्याचें गांभीर्य दाखवीत नाहीं. तरीही सर्व मिळून त्यास निरीक्षणगृहाच्या दाराशीं आणून सोडतात. श्रीमंताचा मुलगा आणि ऊसतोडणाऱ्याचा मुलगा यांना कायदा एकच आहे. त्यांच्या पाठीशीं उभ्या राहणाऱ्या माणसांची संख्या मात्र एक नाहीं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं देशांत मुलांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणें नोंदलीं गेलीं. यांत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. पकडलेल्या मुलांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा वर्षांचीं असतात, आणि बहुसंख्य मुलें आईबापांजवळच राहणारीं असतात, हें अशा वार्षिक अहवालांतून वारंवार दिसून आलें आहे. बेवारस, कोणाचें नसलेलें, रस्त्यावरचें पोर म्हणजे बालगुन्हेगार, ही शहरी घरांतील समजूत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. ज्यांना घर आहे त्यांस घरांतच ठेवून सुधारणें हा उपाय बहुतेकांच्या बाबतींत निदान विचारांत घेण्याजोगा आहे.

परदेशांतील अनुभवही याच बाजूस बोट दाखवितो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत जेरोम मिलर या अधिकाऱ्यानें १९७० ते १९७२ या काळांत मुलांच्या जवळजवळ सर्व मोठ्या सुधारशाळा बंद केल्या व मुलांची व्यवस्था लहान वसतिगृहांत आणि कुटुंबांत लावली. ओहायो राज्यानें १९९० नंतरच्या दशकांत पैशाची वाटच बदलली. तोंवर जिल्ह्याच्या न्यायालयास मूल राज्याच्या संस्थेंत पाठविणें फुकट पडे आणि गांवांतच सुधारावयाचें तर पदरचा खर्च येई. राज्यानें तो पैसा जिल्ह्यांच्या हातीं दिला आणि मूल राज्याकडे पाठविल्यास त्यांतून वजावट ठेवली. इलिनॉय राज्यानें त्याच धर्तीवर, जे जिल्हे राज्याच्या संस्थांत पाठविलेल्या मुलांची संख्या एक चतुर्थांशानें कमी करण्याचें पत्करतील त्यांस पैसा देऊं केला. दूरच्या मोठ्या संस्था त्यामुळें रिकाम्या होऊं लागल्या. पण त्याबरोबरच जाणत्या लोकांनीं एक शंका काढली : राज्याच्या संस्थेंत न गेलेलें मूल खरोखर घरीं जातें, कीं जिल्ह्याच्याच कोंडवाड्यांत थोड्या मुदतीसाठीं अडकतें ? न्यायाधीशास मूल दूर पाठवावयाचें नाहीं, पण कांहीं जरब तर बसविली पाहिजे असें वाटतें. अशा वेळीं गांवचीच कोठडी हाताशीं असते.

ही शंका रास्त होती. तिचें उत्तर मिळालें तें निकालापूर्वींच्या दारावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्यांत. १९९२ सालीं ॲनी केसी प्रतिष्ठाननें अमेरिकेंतील मोजक्या ठिकाणीं या पहिल्या दाराचेंच काम हातीं घेतलें. मूल आणल्याबरोबर त्याच्यापासून खरोखर धोका किती, हें ठरीव प्रश्नांवरून गुण देऊन मोजावयाचें. रागावर किंवा चेहऱ्यावर ठरवावयाचें नाहीं. ज्यास गुण कमी, तें घरीं. मधल्यांसाठीं शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत एखाद्या केंद्रांत हजेरी. प्रकरणांच्या तारखा जवळजवळ. आणि आज कोठडींत कोण कोण आहे व कां आहे, याची यादी आठवड्याच्या आठवड्याला समोर. जेथें हें नेटानें झालें तेथें स्थानिक कोठडींतील मुलांची संख्या लक्षणीय उतरली. कॅलिफोर्नियांत १९९६ च्या सुमारास राज्याच्या संस्थांत दहा हजार मुलें होतीं. ३० जून २०२३ रोजीं त्या राज्यानें आपल्या संस्थाच बंद केल्या. तेवढीं मुलें जिल्ह्यांच्या कोठड्यांत भरतील अशी भीति होती. पण त्या काळांत जिल्ह्यांतील संख्याही घटतच गेली. त्याचें श्रेय मात्र सगळें पर्यायांस देतां येत नाहीं, कारण मुलांना होणाऱ्या अटकाच त्या वर्षांत फार कमी झाल्या होत्या. दारापर्यंत येणारेच कमी झाले म्हणजे घर रिकामें होतें, हेंही सत्यच आहे.

पर्यायांचा एक धोका मात्र प्रत्येक देशांत दिसला आहे. नवी देखरेखीची सोय निघाली कीं, जें मूल पूर्वीं ठाण्यांतूनच कानउघाडणी करून घरीं पाठविलें गेलें असतें, त्यासही त्या सोयींत घालण्याचा मोह होतो. जाळें मोठें झालें म्हणून त्यांत मोठेच मासे येतात असें नाहीं. पूर्वीं निसटणारे लहानही अडकतात. मग अटी येतात : अमुक वेळेस हजर राहा, अमुक गांवाबाहेर जाऊं नको. ज्या मुलाचें पोट आईबापांबरोबर फडावर जाण्यावर अवलंबून आहे, त्यानें गांवाबाहेर पाऊल टाकलें कीं अट मोडली. अट मोडली कीं तें निरीक्षणगृहाच्या दाराशीं पुन्हां उभें. अशा रीतीनें बंदिवासाचा पर्यायच बंदिवासाची शिडी होऊं शकतो. सुधारशाळेच्या तीन वर्षांची आठवण येथें पुन्हां व्हावी.

दुसरा धोका लोकक्षोभाचा. मे २०२४ मध्यें पुण्यांत एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखालीं दोन तरुण जीवांचा अंत झाला. बाल न्याय मंडळानें त्या मुलास लगेच जामीन दिला आणि त्यांतील एक अट अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. लोकांच्या संतापास पार राहिला नाहीं. तीन दिवसांत मंडळानें आपला आदेश फिरविला व मुलास निरीक्षणगृहांत पाठविलें. पुढें २५ जून रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तें ठेवणें बेकायदेशीर ठरवून त्याची सुटका केली. ज्यांचीं मुलें गेलीं त्यांचें दुःख पाहतां निबंधाची अट थट्टेसारखी वाटली, यांत नवल नाहीं. पण निरीक्षणगृह ही शिक्षा नव्हे, आणि संतापाचें माप भरण्यासाठीं तें दार उघडतां येत नाहीं, एवढें या प्रकरणावरून कायद्यानें स्पष्ट केलें. पर्याय जर गुन्ह्याच्या गांभीर्याशीं विसंगत आणि बळी पडलेल्यांस अपमानकारक वाटला, तर लोक पर्यायाच्या कल्पनेवरच उठतात. आणि त्याचा मार तीर्थपुरीच्या मुलासारख्या, ज्याचें नांव कोणत्याही वर्तमानपत्रांत यावयाचें नाहीं, अशा मुलांस बसतो.

म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यानें काय करावें, याचें उत्तर अवघड नसलें तरी कष्टाचें आहे. प्रत्येक ठाण्यांत बालकल्याण पोलीस अधिकारी असावा असें कायदा सांगतो. पहिल्या दाराची किल्ली खरी त्याच्या हातीं आहे. मोठ्या गांवांत योग्य व्यक्ति म्हणून आधींच निवडलेलीं चार माणसें, निवृत्त शिक्षक, अंगणवाडीची बाई, एखादा समंजस शेतकरी, यांचीं नांवें मंडळाजवळ असलीं, तर हंगामांत आईबाप दूर असतांना मूल त्यांच्या हवालीं करतां येईल. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची कल्पना मराठवाड्यास ठाऊक आहे. बालसंगोपन योजनेनें, निराधार मुलांपुरती कां होईना, मूल कुटुंबांतच वाढविण्यासाठीं मासिक साहाय्य देण्याची रीत पाडली आहे. या दोन्ही गोष्टींचा धागा आरोप असलेल्या मुलापर्यंत नेणें अशक्य नाहीं. परिवीक्षा अधिकाऱ्यानें मूल आणल्याच्या पहिल्या आठवड्यांतच घरीं जाऊन यावें; चार महिन्यांनीं लिहिलेला अहवाल कितीही सुंदर असला तरी गेलेले दिवस परत आणीत नाहीं.

पैशाचा विचारही टाळतां येत नाहीं. महाराष्ट्रांत पुष्कळशीं निरीक्षणगृहें व बालगृहें जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटनांसारख्या संस्था सरकारी साहाय्यावर चालवीत आल्या आहेत, आणि त्यांत निष्ठेनें काम करणारीं माणसें आहेत. पण जेथें साहाय्य मुलांच्या संख्येवर मोजलें जातें, तेथें रिकामी खाट हा संस्थेस तोटा वाटतो. ज्या संस्थेनें मूल आठ दिवसांत सुरक्षितपणें घरीं पोंचविलें तिला तें आठ महिने ठेवणाऱ्या संस्थेपेक्षां कमी मिळावें, हा हिशेब उलटा आहे. रिकाम्या खाटेचा सन्मान करणारा हिशेब आधीं बसला पाहिजे.

आणि शेवटीं तो शेतकरी. त्याला बाजूला ठेवून कोणताही पर्याय गांवांत टिकणार नाहीं. त्याची केबल गेली आहे. मुलाचें कल्याण झालें एवढें ऐकून त्याची मोटार चालूं होत नाहीं. नुकसान कोणी, कसें भरून द्यावयाचें याचा निवाडा त्याच्या समक्ष झाला, मुलानें त्याच्यापुढें उभें राहून चूक कबूल केली, तर गांवाचा राग अर्ध्यानें निवळतो. भंगार विकत घेणारा जो मोठा माणूस, तो मात्र बहुधा या सर्व गोंधळांत कोठेंच दिसत नाहीं. चोरीची तार घेणारा कोणी नसता तर ती कापणाराही क्वचितच निपजता.

तेव्हां बंदिवासास पर्याय निघाले म्हणजे गांवाजवळचें निरीक्षणगृह रिकामें होतें काय, या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. पर्याय पहिल्या रात्रीं, पहिल्या दारावर मिळाला, आणि जें मूल खरोखरच आंत गेलें असतें त्यालाच मिळाला, तर होतें. तोच पर्याय निकालाच्या दिवशीं मिळाला तर निकालाचा कागद उजळ होतो, खाट मात्र भरलेलीच राहते. आणि ज्याची गरज नव्हती त्यालाही तो चिकटविला, तर खाटा वाढवाव्या लागतात. ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या आजीस या तीन वाक्यांतील भेद कळावा अशी अपेक्षा नाहीं. तिला इतकेंच पाहावयाचें आहे कीं, नातू आज रात्रीं आपल्याबरोबर भाकर खाण्यास येतो कीं नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हातीं आहे, त्यांना मात्र हा भेद ठाऊक असलाच पाहिजे.